तिसऱ्या मशिनचा वास

आधीच सांगतो, भूतबीत या विषयावर मी आजवर फक्त खिदळलोय. सॉफ्टवेअरवाला माणूस मी — एरर आली की लॉग बघायचा, नारळ फोडायचा नाही. तरी हे लिहितोय, कारण शी... अजून घास धड उतरत नाही.

आम्ही सीवूड्सला राहतो. लिनक्सचं एक अवाढव्य सॉफ्टवेअर कंपाईल करून द्यायचं, म्हणजे लिहिलेला कोड मशिनवर चालेल असा बनवायचा, हे काम मी घरून घेतलं होतं. एकट्या लॅपटॉपचा अख्खा दिवस जायचा. म्हणून तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडून कुठल्याशा ऑफिसातले चार जुने कॉम्प्युटर आणले, ड्राय बाल्कनीत मांडले, वायरीने जोडले. काम चौघांत वाटलं जायचं आणि कोण किती करतंय ते माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर दिसायचं. मजा यायची राव!

पण तिसरं मशिन घाण मारायचं. खवट आवळ्याचं तेल आणि गुटखा... न धुतलेल्या उशीला येतो तसा वास. उघडलं तर आत पंख्याला तेलकट केसांचा गुंता. चिमट्याने ओढतोय तर येतोच आहे, येतोच आहे. मला ओकारी आली. स्पिरिटने सगळं चकाचक पुसलं. दुसऱ्या दिवशी परत केस — आणि ओले!

माझ्या बायकोला, वैशालीला, तेव्हा पाचवा महिना. त्या वासाने तिच्या पोटात पाणी ठरेना. डॉक्टर म्हणाल्या, वजन उतरतंय, बाळाला जड जाईल.

"संदीप, ते मढं बाहेर काढ, नाहीतर मी चालले साताऱ्याला," ती रडकुंडीला आली.

"हातातलं काम पुरं करून दिलं की काढतो गं."

त्यात खंडेनवमी आली. सासूबाई आल्या होत्या. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पूजतात, म्हणून त्यांनी माझ्या मशिनांनाही हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. तिसऱ्याला मात्र मी हात लावू दिला नाही. वायरी उपटल्या आणि ते उचलून संडासाच्या दारापाशी ठेवलं.

"जावईबापू, पूजंतनं एकाला उठवायचं नसतं. पोटुशी लेक हाय माझी."

"आई, देवाला तरी तो वास सोसेल का?" मी हसलो.

दुपारी काम चालू केलं. स्क्रीनवर चारही मशिनं! तिसऱ्याला ना वीज, ना वायर... आणि सगळ्यांत जास्त काम त्याचंच. जाऊन झाकणाला हात लावला. कोमट होतं, तेलकट, घामट पाठीसारखं. आईशप्पथ, तसाच उचलला तो डबा आणि रिक्षाने भंगारवाल्याकडे टाकून आलो.

घरी आलो तर स्क्रीनवर तीनच. वासही गेलेला. वैशालीने पोटभर वरणभात खाल्ला आणि मी सुटलो म्हटलं.

लेक झाली. चांगली गुटगुटीत. तिच्या टाळूला आम्ही साधं खोबरेल लावतो, दुसरं तेल घरात नाही. बारशाच्या दिवशी लाडाने तिच्या टाळूवर नाक टेकवलं... आणि झटक्यात तिला वैशालीकडे दिलं. तोच वास. खवट आवळा, गुटखा.

वैशालीने हुंगलं. ज्या वासाने ती भडाभडा ओकायची, तीच बाई म्हणाली, "काय गोड वास येतो रे बाळाला!"

नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, काही निघालं नाही. इथे कुणाला काही समजलं तर सांगा, मला अजून उलगडा झालेला नाही. लेक आता रांगते. मला बघितलं की हात पसरते, आणि मी श्वास रोखून तिला उचलतो.