पन्हळीतले बॉल

मेलबर्नपासून दूरच्या त्या गावात नोव्हेंबर लागला, तिकडचा उन्हाळा तोंडावर आला, की नोला प्रिचर्ड जुन्या टेनिस बॉलची पिशवी घेऊन गावभर फिरायची. मार्चपर्यंतच्या वणव्याच्या दिवसांत छपराच्या पन्हळीतून खाली उतरणाऱ्या नळात बॉल ठोकून बसवायचा आणि पन्हळ पाण्याने भरायची, म्हणजे उडत आलेली ठिणगी तिथेच विझते. एके काळी गावात टेनिसचे चार संघ होते, क्लबातून पोतंभर बॉल मिळायचे. आता कोर्टावर गवत माजतं, आणि यंदा तेही नोलानेच कापलं.

शेवटचं घर मेलबर्नहून आलेल्या टेसाचं. तिथवर पिशवी रिकामी झाली.

"राहू दे नोला, मी चिंध्या कोंबते."

"तू? गेल्या वर्षी पन्हळीतली निलगिरीची पानंसुद्धा काढली नव्हतीस!" नोला फणकारली आणि घरी जाऊन फडताळातले दोन बॉल घेऊन आली. तिच्या गेलेल्या नवऱ्याचे, क्लेमचे.

"अगं, ही तर त्याची आठवण!"

"आठवण कसली! चाळीस वर्षं खेळला आणि मेल्याने प्रत्येक बॉल कोर्टाबाहेर मारला. शोधायला झुडपात मी."

शिडीवर चढून तिने बॉल अंगठ्याने नळात घट्ट दाबला. मग हळूच म्हणाली, "क्लेम, मार्चपर्यंत इथून हलायचं नाही."