काकाच्या मुठीतला स्फटिक

मुलीने अष्टमी गावातल्या दुकानातून पांढरा स्फटिक आणला. घरात ठेवला की मन शांत राहतं म्हणे. तो थंडगार दगड हातात घेताच रोह्याजवळची खाण आठवली.

सुरुंग उडाला की काळ्या कातळाच्या पोकळीत असे स्फटिक उघडे पडत. काका ते काढून व्यापाऱ्याला विकायचा. मी तिथेच ट्रकच्या खेपा मोजायला होतो. त्या दुपारी व्यापारी खाणीवर आलेला असतानाच काकी भाकरी घेऊन आली.

"अवो, वरची दरड हलते, खाली या!" ती ओरडली.

"एवढा काढतो गो. पाचशे देणार हाय तो. गहाण डोरलं सुटंल तुझं."

दरड कोसळली. काकाला बाहेर काढलं तेव्हा स्फटिक मुठीतच होता. व्यापारी तोवर थांबला, हे तेव्हा मला माणुसकीचं वाटलं. त्याने दगड निरखला, कोपरा उडालाय म्हणून पन्नास कापले आणि साडेचारशे रुपये काकीच्या हातावर ठेवले.