दिवसाउजेडी चढवलेला आकाशदीप

बाळांनो, तुमचे आजोबा गेल्यानंतरच्या पहिल्याच कार्तिकात मी देवावर रुसले होते. इथे काशीत पंचगंगा घाटावर आपण पितरांसाठी महिनाभर रोज आकाशदीप चढवतो. बांबूच्या टोपलीत पेटता दिवा ठेवायचा आणि टोपली दोरीने उंच ओढायची. तो कार्तिक आजोबांसाठी होता, आणि मध्येच माझा उजवा हात मोडून प्लास्टरमध्ये गेला. दोरी ओढून देणारा मल्लाह, म्हणजे नावाडी, एका शुक्रवारी तापाने पडला. एक संध्याकाळ चुकली की नेम मोडला. आयुष्यभर व्यवस्थित केलेल्या पूजेचं हेच का फळ, असं मनात येत होतं.

वरच्या खोलीत तेव्हा दानियल उतरला होता. कोकणातला बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरातला. तेलाच्या मोठ्या मिलचा एकुलता एक वारस. वडील त्याला गादीवर बसवायला निघाले होते आणि हा इथे पळून आला होता. "आजी, माझ्या पणजोबांना गावात शनिवार तेली म्हणत," त्याने मला सांगितलं होतं. "शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून घाणा बंद. आता मिल शनिवारीही चालते. असल्या गादीवर बसू कशाला?"

त्या दिवशी माझा चेहरा पाहून तो आपणहून म्हणाला, "मी चढवतो दिवा. पण सूर्य बुडायच्या आत. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, मग मी विस्तवाला हात लावत नाही."

आली पंचाईत. आकाशदीप सूर्यास्तानंतरच, हा माझा नियम. आजोबांनाही मी आधी काडी ओढू दिली नव्हती. आणि या पोराला अडलेल्या म्हातारीसाठीसुद्धा आपला नेम सोडवत नव्हता. राग यायला हवा होता. आला तो अभिमान, आपल्याच नातवाचा यावा तसा. म्हटलं, "चल. आज तुझ्या वेळेने."

चांगल्या उजेडात आमची टोपली वर गेली. खालून नाववाला ओरडला, "अरे अम्मा, अबहीं त उजियार हौ!"

"तो मैं क्या अंधी हूँ?" मी म्हटलं. दानियल दोरी बांधता बांधता हसत सुटला.

उजेडात ज्योत दिसतच नव्हती. विझली असली, तर सूर्य बुडाल्यावर तो ती पुन्हा लावू शकणार नव्हता. गंगेवरून वारा सुटला. आम्ही दोघं पायरीवर माना वर करून बसलो. मला एकही स्तोत्र आठवेना, नुसतं म्हटलं, "तूच सांभाळ." मग अंधारत गेलं तसा दिवा हळूहळू दिसू लागला. पिवळा, स्थिर, घाटावर त्या संध्याकाळी सगळ्यांत आधी.

दानियल म्हणाला, "आजी, तुम्ही माझ्यासाठी वेळ बदललीत. मी बाबांना नुसतं विचारलंही नाही." रविवारी त्याने घरी फोन केला. गादीवर बसतो, पण शनिवारी मिल बंद.

बापलेकात किती वाद झाला, ते त्याने सांगितलं नाही. मी एवढंच शिकले, की ज्याने त्याला माझ्या वरच्या खोलीत धाडलं, त्याला वेळ माझ्यापेक्षा नीट कळते. तेव्हापासून दर कार्तिकाआधी घरी तिळाच्या तेलाचा डबा येतो. आपला दिवा त्याच तेलावर जळतो. डब्यावर छापलेलं असतं, "शनिवारी घाणा बंद", आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते वाचून दाखवते.