किरेनियाच्या घराची चौथी पायरी

वणीच्या बसस्टँडवर नागपूरला नेणारी जीप उभी होती. दादा माझी बॅग टपावर बांधत होता आणि बाबांनी जीपच्या बॉनेटवर भाचीचा शाळेतला ॲटलास पसरला होता. मी सायप्रसला निघाले होते, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला. दवाखान्यात नऊ वर्षं आयाचं काम केलेलं, त्या अनुभवावर परमिट मिळालं होतं. बाबांनी नकाशातल्या त्या इवल्याशा बेटावर बोट ठेवलं आणि एजंटला विचारलं, "हे मधातून रेघ कायची हाय?"

"नदी हाय ते काका," एजंट घड्याळाकडे बघत म्हणाला.

"इकून समुद्रातून निंगते अन् तिकून समुद्रातच जाते. अशी कशी नदी?"

एजंट हसला. बाबा हसले नाहीत. ते कोळशाच्या खाणीत डंपर चालवून रिटायर झाले होते आणि गावच्या तंटामुक्ती समितीत बसत. आयुष्यभर धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं ऐकल्यानं त्यांचा कोणत्याच रेघेवर विश्वास नव्हता. जीप सुरू झाली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, धुऱ्याचं भांडण दिसलं का तिसरा मानूस कोठी उभा हाय ते पाहजो. अन् एका अंगाचं आयकून मत बनवू नोको." माय रडत होती. जाताना लेकीला कोणी असं काही सांगतं का, असं मला तेव्हा वाटलं होतं.

माझ्यासारख्या परदेशी निघालेल्या पोरींना आज मी पहिलं तेच सांगते. परमिटवरचा पत्ता रेघेच्या कोणत्या अंगाचा आहे ते बघा. या बेटाचे दोन भाग आहेत. दक्षिणेत ग्रीक बोलणारे, उत्तरेत तुर्की बोलणारे. उत्तरेतलं सरकार तुर्कस्तान सोडून कोणताच देश मानत नाही. मध्ये काटेरी तारा, रिकामी पडलेली घरं आणि निळ्या टोप्यांचे शांतिसैनिक. राजधानी निकोसियाचेही दोन तुकडे आहेत. माझं नशीब म्हणून परमिट दक्षिणेतलं निघालं आणि खरंही.

ज्या बाईंकडे मी काम करते त्यांचं नाव एलेनी. वय चौऱ्याऐंशी. इकडे बाईंना किरिया म्हणतात, म्हणून किरिया एलेनी. माझं नाव संघमित्रा, पण त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं मित्रा करून टाकलं. वणीत दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की मांडणीवरची भांडी वाजायची आणि कोणी मान वर करत नसे. इथे रस्त्यात साधा फटाका फुटला तरी किरिया खुर्चीचा हात घट्ट धरतात. त्या इंग्रजांच्या राज्यात शिकल्या, त्यामुळे इंग्रजी चांगलं बोलतात. त्या चांगल्या इंग्रजीत इंग्रजांना शिव्या देतात.

सकाळचा चहा झाला की त्यांची गोष्ट सुरू व्हायची. इंग्रज गेले तेव्हा बेटाला तीन जामीनदार देऊन गेले: स्वतः इंग्लंड, ग्रीस आणि तुर्कस्तान. स्वातंत्र्य सांभाळायची हमी तिघांनी कागदावर दिली, आणि इंग्रजांनी आपली लष्करी छावणी ठेवून घेतली. तीन वर्षांत शेजाऱ्याशेजाऱ्यांत रक्त सांडलं आणि एका इंग्रज अधिकाऱ्यानं निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेघ मारली. पुढे चौऱ्याहत्तर साली तुर्की फौज उत्तरेत किरेनियाच्या किनाऱ्यावर उतरली. तेव्हा किरिया सहा वर्षांच्या मुलाचा, आंद्रेआसचा, हात धरून तिथल्या घरातून दक्षिणेकडे पळाल्या, आठवड्यात परत येऊ या हिशेबानं. "इंग्रज आपल्या छावणीत बसून बघत राहिले. अमेरिकेला सगळं आधीच माहीत होतं," त्या म्हणायच्या. फौज उतरायच्या पाच दिवस आधी अथेन्सच्या लष्करी राजवटीनं इथलं सरकार उलथवलं होतं. पण ते पाच दिवस त्या घाईघाईनं ओलांडायच्या. "काही मूर्ख लोक होते," एवढंच. मी भांडी घासताना ते मनात टिपून ठेवायची. ज्या ठिकाणी माणूस घाईनं बोलतो तिथे थांबावं, हे मी बाबांच्या समितीतच शिकले होते.

त्यांचा विश्वास कोणावरच नव्हता. रविवारी मी सुटीवर निघाले की माझी पिशवी बघायच्या. गोळी जिभेखाली धरायच्या आणि मी वळले की थुंकायच्या. आणि सगळ्यात जास्त संशय पोटच्या मुलावर. रेघ ओलांडायला परवानगी मिळाली त्याला वीस वर्षं उलटून गेली. इथले हजारो लोक आपली जुनी घरं बघून आले. किरिया गेल्या नाहीत. "माझ्याच गावाला जायला तुर्कांना पासपोर्ट दाखवू? म्हणजे तो परदेश आहे हे मान्य करू?" पण तिकडे अर्ज केला तर घराची भरपाई मिळते, आणि हक्क कायमचा सुटतो, हेही त्यांना ठाऊक होतं. आंद्रेआस गुपचूप तेच करतोय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मागच्या वसंतात एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. "मित्रा, तू जा. तुझ्या पासपोर्टनं माझा अपमान होत नाही. घराचे फोटो काढ. तिथे कोण राहतं, मोजणीला कोणी येतं का, ते बघ. कोणाशी बोलू नकोस. आंद्रेआसला कळता कामा नये."

मला भीती वाटली. परत येऊ दिलं नाही तर? नोकरी गेली तर वणीत काय सांगू? चौकीवरच्या पोलिसाला विचारलं, तो म्हणाला जा, इथे राहण्याचं कार्ड आहे ना. आठवड्यानं दुसऱ्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. तरी पाऊल उचलेना. आणि ही बाई मला वापरून घेते आहे का, हाही प्रश्न होताच. पण खरं सांगते, मलाही ते घर बघायचं होतं. चार वर्षं रोज ऐकलेलं घर खरंच आहे का, एवढं तरी बघावं.

एका रविवारी मी चालत रेघ ओलांडली. पलीकडे मिनीबसनं डोंगर चढून किरेनियाला उतरले, तिथून टॅक्सी. किरियांनी कागदावर काढून दिल्याप्रमाणे गाव डोंगराच्या कुशीत होतं. लिंबाची तीन झाडं, हिरवी खिडकी, खाली समुद्र. मी फोन काढून दोन फोटो घेतले, तेवढ्यात दार आतून उघडलं.

सत्तरीची एक बाई काठी टेकत बाहेर आली. "कोणी पाठवलं तुला? वकिलानं?" तिनं इंग्रजीत विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं हात पुढे केला. "फोन दे." मी दिला. तिनं स्वतःच दोन्ही फोटो काढून टाकले, फोन परत केला आणि पुन्हा विचारलं, "मग कोणी?"

मला खोटं सुचलं नाही. "या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी," मी म्हणाले.

तिनं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "म्हणजे आंद्रेआसची आई अजून आहे."

तिचं नाव एमिने. तिनं मला बसवलं, कॉफी दिली. आंद्रेआस दर वर्षी लिंबं धरली की येतो, झाडाखाली तासभर बसतो आणि जातो, असं तिनं सांगितलं. पहिल्यांदा आला तेव्हा तिनं दारच उघडलं नव्हतं. तो वकील घेऊन येईल म्हणून ती अजूनही वाट बघते. तो आणत नाही. गेल्या वर्षी तिचा गुडघा गेला तेव्हा उंबऱ्याशी त्यानंच एक जादा पायरी बसवून दिली. "का बसवली, मला माहीत नाही," एमिने म्हणाली. "चांगला माणूस असेल. किंवा घर नीट ठेवत असेल, स्वतःसाठी."

मग तिची गोष्ट सुरू झाली. ती चौऱ्याहत्तरपासून नव्हे, त्रेसष्टपासून. ती दक्षिणेत वाढलेली तुर्की बोलणारी. तिचा काका लिमासोलच्या बसमधून उतरवला गेला तो घरी आलाच नाही. पुढे चौऱ्याहत्तरला तुर्की फौज उत्तरेत उतरली तेव्हा दक्षिणेतल्या तिच्या गावचे पुरुष धरले गेले. ती आणि तिची आई इंग्रजांच्या छावणीत शिरल्या. हिवाळा तंबूत काढला. मग इंग्रजांनी त्यांना विमानात बसवून तुर्कस्तानात पाठवलं, तिथून जहाजानं इकडे आणलं आणि या घराची चावी हातात दिली. "कपाटात दुसऱ्या कोणाचे तरी कपडे होते. सगळ्यांनी आमची सोय केली. कोणी विचारलं नाही, तुला कुठे राहायचंय. आणि इंग्रजांची छावणी? ती आहे तिथेच आहे." जाताना म्हणाली, "तुझ्या बाईला विचार, ते पाच दिवस कुठून आले."

परतीच्या बसमध्ये मी हिशोब लावत होते. दोघींची गोष्ट वेगळ्या वर्षी सुरू होते आणि दोघी तिसऱ्यावर येऊन थांबतात. संध्याकाळी बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. बाबा तेव्हा आजारी होते, दम लागत होता. म्हणाले, "तिसरा तं हायेच. काडी त्यायनंच लावली असन. पण बाई, पेटलं ते वाळलं कुटार कोनाच्या वावरातलं होतं? ते दोघीबी सांगून नाही राह्यल्या." चार वर्षांत मला जे सुचलं नाही ते त्यांनी वणीतून सांगितलं.

घरी किरिया वाट बघत होत्या. फोटो नाहीत म्हटल्यावर त्यांचे डोळे बारीक झाले. "पुढच्या दाराला पायऱ्या किती?"

"चार," मी म्हणाले.

"तीन. माझ्या सासऱ्यांनी घडवलेल्या तीन. तू गेलीच नाहीस."

मी त्यांच्या रात्रीच्या गोळ्या काढायला घेतल्या. चौथी पायरी कोणाची ते सांगितलं असतं तर मी खरी ठरले असते आणि मुलगा चोर. न सांगावं तर मी चोर. आणि तो घर विकत नाहीये, हे मी तरी कशावरून सांगणार होते? मला फक्त एका बाईनं सांगितलं होतं, आणि तिलाही खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आंद्रेआसला बोलावलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, बँकेतून तसाच जेवणाच्या सुटीत आला. किरिया ग्रीकमध्ये भराभर बोलत होत्या. मला थोडं कळतं. ही खोटारडी आहे, हिला परत पाठव, तीनाच्या चार पायऱ्या सांगते. मी बॅग भरायला खोलीकडे वळले होते. एजंट, जीप, दादाचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढे आलं.

आंद्रेआस खुर्चीत बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "ती खरं बोलतेय, आई. चौथी मी बसवली."

 तो बोलत राहिला. कोणत्या वर्षी पहिल्यांदा गेला, झाडं कशी आहेत, तिथल्या बाईचा गुडघा गेला म्हणून पायरी बसवली, अर्ज केलेला नाही, करणारही नाही. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मला सांगता येणार नाही. सहा दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशीही नाही. गोळ्या मात्र गिळायच्या. सातव्या दिवशी मी पाय चोळून देत होते तेव्हा हळूच म्हणाल्या, "तिचा कोणता गुडघा?"

"डावा," मी म्हणाले.

त्या रेघेपलीकडे अजून गेलेल्या नाहीत आणि जाणार नाहीत. पण माझ्याकडून एमिनेचं सगळं ऐकल्यापासून सकाळची गोष्ट पाच दिवस आधी सुरू होते. अथेन्सच्या मूर्खांशी थांबतात. परवा म्हणाल्या, त्यांना फुलं द्यायला आमच्या गावचेही काही गेले होते. कोण ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आंद्रेआसला त्यांनी लिमासोलकडे एमिनेचं गाव बघायला पाठवलं. तिच्या घराच्या तीन भिंती उभ्या आहेत. आंद्रेआस त्यांचा फोटो घेऊन तिच्याकडे गेला, तर एमिनेनं पहिलं विचारलं म्हणे, "हा तुझ्या आईनं पाठवला की तुझ्या वकिलानं?"

उन्हाळा संपता संपता बाबा गेले. मला पोहोचता आलं नाही. व्हिडिओवर बुद्धवंदना ऐकली, किरिया माझ्या शेजारी काळा रुमाल बांधून बसल्या होत्या. दादा, आता हे तुझ्यासाठी. त्यानंतर दोन महिन्यांनी तू बाबांच्या दोन खोल्यांच्या घराचा हक्कसोडाचा कागद पाठवलास. "बाई, तू तं आता तिकडलीच झाली, तुले घराचं काय काम?" असं सोबत लिहिलंस. मी तो कागद दोनदा वाचला. तुला कोणी सुचवलं, वहिनीनं, वकिलानं, की तुझ्याच मनात आलं, याचा खूप विचार केला. मग तो विचार सोडून दिला. तिसरा शोधत बसलं की आपलं आपण बघायचं राहून जातं.

सही केली नाही. भांडण नाही. दोन्ही खोल्या तू वापर, भाड्यानं दे, पाडून नवीन बांध, मला विचारू नकोस. नाव तेवढं राहू दे. इथे मी पासपोर्ट दाखवते, कार्ड दाखवते, पिशवी दाखवते, त्याची सवय झाली. वणीला आले की मी कडी वाजवीन. कोण आहे म्हणून वहिनीनं विचारलं तरी चालेल, पण "मी" एवढंच म्हटल्यावर तिनं दार उघडावं.