जन्मस्थानाचा रकाना

पासपोर्टच्या ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. एका आजोबांनी विचारलं, "इथं कोणी आहे का?" मी म्हणाले, "हो." ते जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मग मला ती खुर्ची तासभर राखावी लागली. 'चुकून बोलले, बसा तुम्ही' एवढंच म्हणायचं होतं, पण अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणं मला जमत नाही. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

आईचा जन्म कराचीतला, माझाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली काही मराठी घरं आहेत, हे इथे सांगितलं की लोक आधी हसतात. बाबा गेल्यावर आई मला घेऊन नाशिकला आली, तिच्या मामांच्या आधाराने. मी चार वर्षांची होते. व्हिसा फक्त नाशिक शहरापुरता होता. मुदत संपत आली की आई पोलिसांच्या ऑफिसात जाऊन तो वाढवून आणायची. शहराबाहेर जायला परवानगी लागायची, आणि परवानगी मागायची म्हणजे आणखी एका टेबलासमोर उभं राहायचं. म्हणून आम्ही कुठे जायचोच नाही. शाळेची सहल दिंडोरीला द्राक्षांच्या बागा बघायला निघाली की मला आदल्या दिवशी ताप यायचा. आई तशी चिठ्ठी लिहून द्यायची.

तिच्या मराठीत हिंदी-उर्दू शब्द फार. कोणी विचारलं तर सांगायचं, आम्ही इंदूरकडचे. तिकडची मराठी माणसं साधारण तशीच बोलतात, त्यामुळे विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं. एकदा समोरच्या काकूंनी खोदून विचारलं, "इंदूरला कुठे हो?"

"स्टेशनच्या मागे," आई म्हणाली. घरात आल्यावर तिने दार लावलं आणि मला हळूच विचारलं, "इंदूरला स्टेशन असेल ना गं?"

मला इंग्रजी शाळेत घातलं, त्याचं एक कारण हेही असावं की तिथे माझी मराठी फारशी कोणाच्या कानावर पडणार नव्हती. दाराची बेल वाजली की आई आधी टीव्हीचा आवाज कमी करायची, मग दार उघडायची. मी अजूनही तेच करते. आता मी इथली नागरिक आहे, तसं प्रमाणपत्र कपाटात आहे, आणि बेल वाजवणारा बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो. तरी हात रिमोटकडे जातो, आणि नेमकं तेव्हा आई माझ्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. मी वळून बघत नाही. वळलं की ती नसते, एवढं मला आता कळलंय.

नागरिकत्वासाठी आम्ही दोघींनी अर्ज केले होते. आई गेली, तिचा अर्ज बंद झाला. माझा चालू राहिला.

पासपोर्ट मला मावशीसाठी हवा होता. आईची धाकटी बहीण कराचीतच राहिली. ती इथे येऊ शकत नाही, मी तिकडे जाऊ शकत नाही. पण तिचा मुलगा दुबईत नोकरी करतो आणि हिवाळ्यात ती त्याच्याकडे असते. 'इथला पासपोर्ट हातात आला की दुबईला भेटू,' असं दोघी बहिणी कितीतरी वर्षं फोनवर ठरवत होत्या. आता मावशीचं हृदय थकलंय. यंदाच्या विमानप्रवासाला डॉक्टर हो म्हणालेत. पुढच्या वर्षीचं ते काही बोलत नाहीत.

माझा नंबर लागला. काउंटरवरच्या बाईंनी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पाहिलं, मग शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, मग परत प्रमाणपत्र.

"इथे जन्मस्थान कराची. इथे नाशिक. दोनदा जन्मलात का?"

मागच्या टेबलावरचे गृहस्थ हसले. मीही हसले. दाखल्यावर नाशिक लिहिलंय हे मला लहानपणापासून माहीत होतं. इतकं माहीत होतं की तो इतर कागदांना जोडताना डोक्यातही आलं नाही.

"शाळेत नाव घालायला कोण गेलं होतं?"

"आई."

"मग चुकीची माहिती आईने दिली, असं प्रतिज्ञापत्र करा. त्यांनाही घेऊन या."

"आई नाहीये."

"अच्छा." त्यांचा आवाज जरा खाली आला. "मग तुमच्या एकटीचं चालेल."

सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेर टायपिंगवाले ओळीने बसतात. त्यातले एक काका मला कमी बोलणारे वाटले, म्हणून त्यांच्यापुढच्या स्टुलावर बसले. त्यांच्याकडे सगळ्याचे नमुने तयार होते. त्यांनी टाइप करून वाचून दाखवलं: "'माझ्या आईने शाळेत प्रवेश घेतेवेळी नजरचुकीने माझे जन्मस्थान नाशिक असे सांगितले.' बरोबर?"

"नजरचुकीने नको."

"मग काय, जाणूनबुजून?" त्यांचे हात थांबले. "ताई, तसं लिहिलं तर तुम्हीच अडकाल."

"घाबरून, असं लिहिता येईल?"

"कोणाला घाबरून?"

मागे जमिनीचे कागद घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, "काका, माझं घ्या की तोवर. त्यांचं ठरू द्या."

"थांबा हो, यांच्या आईचं चाललंय," काका त्याच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, सगळ्यांच्या आया नजरचुकीनेच सांगतात. माझ्या आईने माझी जन्मतारीख सांगितली एक जून. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच!"

मी सही केली. नोटरीचा शिक्का बसला. प्रत्येक कागद तीनतीनदा तपासणारी, व्हिसाच्या तारखा तोंडपाठ असणारी माझी आई त्या पानावर, स्वतःची मुलगी कुठे जन्मली हेही धड न सांगता येणारी बाई झाली. एरवी रस्त्यावर ती माझ्यासोबत असते, अर्धं पाऊल मागे. त्या दिवशी कोर्टापासून घरापर्यंत ती कुठेच नव्हती.

पुढे चौकशीला पोलीस घरी आले. साक्षीदार म्हणून समोरच्या काकूंना बोलावलं.

"किती वर्षं ओळखता यांना?"

"ही एवढीशी होती हो, इंदूरहून आली तेव्हा."

पोलिसांच्या हातातल्या कागदावर कराची होतं. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"असू द्या. वागायला कशी आहे?"

"वागायला? अहो, बोलतच नाही. हिच्यापेक्षा आमची भिंत जास्त बोलते."

ते हसून खाली काहीतरी लिहून गेले, आणि काही दिवसांनी पासपोर्ट आला. रविवारी सकाळी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. तिने पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला लावला, मग म्हणाली, "दिसत नाही गं बेटा, वाचून दाखव." मी नाव वाचलं, तारीख वाचली, जन्मस्थान वाचलं.

मावशी एकदम हसायला लागली. "कराची! आणि शाळेत तर तू नाशिक बोलली होतीस!"

"मी?"

"मग कोण? ताईने फोनवर किती हसून सांगितलं होतं मला. हेडमिस्ट्रेसने ताईला विचारलं, मुलीचा जन्म कुठला. ताईने ठरवलं होतं, खरंच सांगायचं, जे होईल ते होईल. तिने तोंड उघडायच्या आत तू बोललीस, नाशिक! एकदम कडक आवाजात. बाईने लिहूनपण टाकलं."

"मग आईने सांगितलं का नाही?"

"बोलली, पोरगी इतकी खूश दिसत होती की माझी हिंमतच झाली नाही."

त्या खोलीतली टेबलावरची काच मला आठवते. काचेखाली मुलांचे फोटो होते. आईचा तळहात ओला होता, तोही आठवतो. त्यात माझा आवाज कुठेच नाही. खूप शोधला.

"काय झालं? आवाज येत नाही का माझा?" मावशी विचारत होती.

"नेटवर्क," मी म्हणाले.

तिकीट पुढच्या महिन्याचं आहे. प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स मी दोनदा बॅगेत ठेवली आणि दोनदा काढली. शपथ घेऊन मी आईवर काय ढकलून आले, ते मावशीसमोर बसून सांगावं असं वाटतं. मग वाटतं, बहिणीची आठवण निघाली की मावशी आता रडते. हसते ती शाळेतल्या या एका गोष्टीला.