नामदेवरावांचं क्लोराईड

२ जून. सकाळी नऊलाच ऊन चटके देत होतं. दुपारी आभाळ आलं, पाऊस नाही.

ढाणकीच्या लॅबमध्ये वीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं की किस्से आपोआप साचतात. मी ते वहीत लिहून ठेवतो, कारण काही दोनदा वाचूनही मलाच पटत नाहीत. हे सगळे एकाच माणसाचे, फुलसावंगीच्या नामदेवरावांचे. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन पेरणीआधी व्हायला हवं होतं. क्लोराईड हा रक्तातला एक क्षार. शंभरच्या आसपास असतो. त्यांचा आला १२४. सर्जन म्हणाले, हा आकडा उलगडल्याशिवाय मी हात लावणार नाही.

*

चौकशी केली तर कळलं, रक्त काढल्यावर अशक्तपणा येऊ नये म्हणून त्यांनी गावातूनच एक सलाईन लावून आणलं होतं! आणि मी रक्त काढलं नेमकं त्याच हातातून. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी. चूक सापडली म्हणून मी खूश. तीन दिवसांनी सलाईनशिवाय, दुसऱ्या हातातून काढलं. १२२.

*

मग त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, घरातलं मीठच बंद केलं. आठ दिवसांनी दोघं आले. १२३.

नामदेवराव शांतपणे म्हणाले, "भाऊ, मी अळणी वरण खाऊन राह्यलो. तुमच्या मशीनले कोन मीठ चारून राह्यलं?"

*

मशीनवर संशय मलाही होताच. धुतलं, पुन्हा जुळवलं, माझं स्वतःचं रक्त घातलं: १०३. त्यांचं पुन्हा घातलं: १२३. एवढं क्लोराईड खरंच असतं तर माणूस अंथरुणाला खिळला असता. हे फुलसावंगीहून फटफटी चालवत आले होते. त्या दिवशी वहीत मी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

*

काही गोळ्या चालू आहेत का, हे मी दरवेळी विचारलं होतं. दरवेळी उत्तर 'नाही'. पुढच्या खेपेला बाकावर बसल्या बसल्या नामदेवरावांची डावी पापणी हळूहळू मिटत आली. शांताबाईंनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

"ही कशाची?" मी विचारलं.

"डोयाची हाय," नामदेवराव म्हणाले.

"मग गोळी नाही असं काहून सांगितलं?"

"बीपी नाही, शुगर नाही, त सांगू कायले? हे त पापणी उघडी राहाची गोळी. दोन वर्सापासून खाऊन राह्यलो, दिवसातून पाच खेपा."

पट्टीवरचं नाव ब्रोमाइडवर संपत होतं. मी यवतमाळच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, काही मशीन ब्रोमाइडलाच क्लोराईड समजून मोजतात. गोळी बंद करू नका. नमुना माझ्याकडे पाठवा, वेगळ्या पद्धतीच्या मशीनवर लावते.

त्याच नमुन्याचा यवतमाळचा आकडा १०४. ऑपरेशन २८ मे रोजी झालं. तिसऱ्या दिवशी नामदेवराव घरी गेले.