रुखवताचं वेबपेज आणि रिकामे चौकोन

मंडळी, आज दुपारी माझी पाचावर धारण बसली! आमची ही लग्नाची रुखवतं करते. तिच्यासाठी धडपडत शिकून मी तिच्या कामाच्या फोटोंचं वेबपेज लिहिलं आणि पवईच्या एका नवरीमुलीला लिंक पाठवली.

तिचा लगेच फोन. "काका, फोटो कुठायत? नुसते रिकामे चौकोन! आई दुसरीकडे ठरवायला निघालीय."

माझ्या कॉम्प्युटरवर तर झकास दिसत होते! ही हळूच म्हणाली, "अहो, पहिलंच मोठं काम आहे हो."

मग उमगलं. फोटो माझ्याच कॉम्प्युटरमध्ये राहिलेले. दाराला कुलूप लावून पाहुण्यांना जेवायला बोलावल्यासारखं! लगेच ते वेबसाइटवर चढवले आणि तिला लिंक पुन्हा उघडायला सांगितली.

"दिसले काका! आई म्हणतेय, ती सुपाऱ्यांची वरात रुखवतात हवीच."

आता पुढचं पान आधी शेजारणीच्या मोबाइलवर उघडेन. तुम्ही आपलं काम कोणाच्या डोळ्यांनी तपासता?